रावजी पाष्ट्यांचं अंगण

रत्नागिरीला हिवाळा असतो, असं आम्ही एकदा पत्रिकेत छापलं होतं. चांगल्या ठसठशीत अक्षरांत: 'हिवाळी मर्दानी खेळांचे सामने, रत्नागिरी.' एकोणीसशे तिसाच्या आगेमागेची गोष्ट. पत्रिका मुंबईला गेली, दाभोळ-केळशीला गेली, घाटावर गेली. घाटावरचे खेळाडू ती वाचून घोंगड्या घेऊन आले आणि ऐन पौषात मोटारीतून उतरल्याउतरल्या सदरे काढून उघडे उभे राहिले. त्यांतल्या एकाने मला विचारलं, "मास्तर, हिवाळा कुठाय तुमचा?"

मी म्हटलं, "पहाटे येऊन गेला. तुम्हाला थोडा उशीर झाला."

त्या सामन्यांत हुतूतूचा कप कुणी नेला, हे मला आज कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. मी सामन्यांचा चिटणीस होतो, तरीही नाही. शेवटची चढाई कुणी केली, कोण धरला गेला, कोण सुटला, सगळं पुसून गेलं. लख्ख आठवतात ती एका म्हाताऱ्याची दोन ढोपरं. एक नुसतं ढोपर, आणि दुसरं आत खडा असलेलं.

पण जरा मागून सांगतो.

सामन्यांसाठी कमिटी झाली. नानासाहेब अध्यक्ष झाले, कारण ते निवृत्त मामलेदार होते आणि आळीत हात असलेली खुर्ची फक्त त्यांच्याकडे होती. मी चिटणीस झालो, कारण मी शाळेत मास्तर होतो, माझं अक्षर बरं होतं आणि मला कुणाला नाही म्हणता येत नसे. सगळं ठरलं. अडलं ते मैदानावर. आमच्याकडे जिथे जमीन सपाट आहे तिथे कातळ आहे, आणि जिथे माती आहे तिथे उतार आहे. देवाने कोकण केलं तेव्हा हुतूतूचा विचार केला नव्हता.

"वरचा कातळ आहे की!" नानासाहेब म्हणाले. "सपाट आहे, मोठा आहे, झाडलोट केली की झालं."

आम्ही माना डोलावल्या. तेवढ्यात ओटीच्या पायरीखालून आवाज आला, "सायबानु, जरा हात लावा."

खाली एक उंच, काटकुळा, साठीचा माणूस उभा होता. डोक्याला लाल पंचा, खांद्यावर लाकडी चोपणं. हे चोपणं म्हणजे एका बाजूने तासून सपाट केलेला ऐनाचा दांडा. पावसाळा संपला की आमच्याकडे दारोदारची अंगणं नवी करतात. माती खणायची, भिजवायची, तुडवायची आणि मग चोपण्याने ठोकून ठोकून तिची पाटी करायची. त्या कामात रावजी पाष्ट्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. "अंगण बगावं आणि सोयरीक करावी," असं ते म्हणत आणि खरोखरच लोक मुलगी द्यायच्या आधी त्यांना हळूच विचारत, "त्यांचं अंगण कसं आहे हो?"

तर रावजींनी धोतर वर घेतलं आणि उजवं ढोपर नानासाहेबांपुढे केलं. "हात लावा. भिऊ नका."

नानासाहेबांनी एका बोटाने लावला. बोट झटकन मागे आलं.

"लागला ना खडा? फिरतो तो. खारकेच्या बीसारखा." रावजींच्या तोंडावर घरातला चांदीचा गडवा दाखवल्याचा अभिमान होता. "वीस वर्सांचा व्हतो तवा. हुतूतू खेळताना तुमच्या त्या वरच्या कातळावर पडलो. खडा आत गेला तो आतच ऱ्हायला. चाळीस वर्सं बिऱ्हाड करून हाय."

मग त्यांनी ओटीवरच्या प्रत्येकाला हात लावायला लावला. मीही लावला. खडा खरंच फिरत होता.

"सायबानु, पोरं लांबून यायची. त्यांची ढोपरं कातळावर फोडू नका. खालच्या शेतात मी अंगण करून देतो."

"आणि नाही झालं वेळेत?"

"व्हईल. आणि त्या अंगणात एकाचं जरी ढोपर फुटलं, तरी हे चोपणं भाट्याच्या खाडीत टाकीन. परत हातात धरणार नाय. चारचौघांत सांगतो."

ज्या माणसाचं नाव त्याच्या चोपण्यावर चालतं, त्याने ते खाडीत टाकायचं म्हणणं म्हणजे काय, हे ओटीवरच्या सगळ्यांना कळलं. नानासाहेबांनी विचारलं, "तुम्हाला काय हवं?"

"पुढं बसायला जागा. खुर्ची नको. भुईवर. ढोपरं नीट दिसली पाहिजेत."

दुसऱ्या दिवसापासून रावजींनी शेताचा ताबा घेतला आणि माझाही.

मी बी. ए. होतो. शेक्सपिअर शिकवायचा म्हणून वडिलांनी मला शिकवलं होतं. त्या हिवाळ्यात मी सकाळी उठून दारोदार शेण मागत हिंडलो. बरं, मिळेल ते चालेल असंही नव्हतं. मी टोपली आणून ठेवली की रावजी चिमूटभर शेण बोटांत चोळत, नाकाशी नेत आणि निकाल देत. "हे पेंड खाणाऱ्या गाईचं. चिकट हाय, भेग पडंल." "हे बरं. रानात चरलेली दिसते." एकदा म्हणाले, "हे वकिलांकडचं ना? परत देऊन या." वकिलांची बायको माझ्याशी महिनाभर बोलली नाही. शेण घेतलं नाही याचा इतका अपमान वाटू शकतो, हे मला शेक्सपिअरमध्ये कुठे आढळलं नव्हतं.

माती वारुळांची. ती आणायला गडी गेले तर रावजी त्यांना आधी वारुळाला नमस्कार करायला लावत. माती आली की चाळायची, भिजवायची, आणि मग सोळा माणसं एका ओळीत उकिडवी बसून चोपणी चालवायची. धप्, धप्, धप्. रावजी ओळीच्या पुढे उलटे सरकत जात आणि आवाजावरून सांगत, "सातवा, तुझा हात हलका पडतो. बायकोशी भांडून आलास काय?"

दुपारी त्यांची बायको भागीरथीकाकू भाकरी घेऊन येत. त्या बांधावर बसून ते मोठं अंगण बघत आणि रोज एकच वाक्य म्हणत.

"सगळ्या गावाची अंगणं आरशासारखी. आमच्या दारात पाऊल टाकलं की ठेच."

"पुढच्या वर्साला करतो गो."

"तीस वर्सं पुढचं वर्ष येतंय."

"येतंय ना? मंग!" असं म्हणून रावजी भाकरी मोडत.

त्यांच्या अंगणात मी एकदा गेलो होतो. काकूंचं खरं होतं. मला दोनदा ठेच लागली.

तिसऱ्या दिवशी नानासाहेब पाहणीला आले. त्यांचे बूट करकरत असत. ते येताहेत हे माणसांना आधी कळे आणि ते दिसत नंतर. बांधावर उभे राहून म्हणाले, "हे चौकोनी कशाला केलंय? हुतूतूचं मैदान लांबट असतं. एवढी माती फुकट!"

"सायबानु, अंगण चौकोनी असतं. लांबट असते ती पडवी."

नानासाहेबांना हे उत्तर आवडलं नाही. रुंदी पावलांनी मोजावी म्हणून ते सरळ आत शिरले. माती नुकती चोपलेली, ओली. रावजी तोंड उघडेपर्यंत ते अकरा पावलं गेले होते. मग त्याच ठशांवर पाय देत परत फिरले.

रावजींचा एक नेम होता. ओल्यात कुणी पाय टाकला तर ते रागावत नसत. म्हणत, "ओल्यात ज्यानं पाय टाकला तो वर्सभर दिसतो." या वेळी तेही म्हणाले नाहीत. नानासाहेब गेल्यावर त्यांनी आळीतून अकरा टोपल्या गोळा केल्या आणि एकेका पावलावर एकेक टोपली पालथी घातली. सकाळी सगळी आळी बघायला आली. शेताच्या मधोमध अकरा टोपल्या, तिरक्या रांगेत.

"हे काय रावजी?" जो तो विचारी.

"सायबांची पावलं हायत. उन्हं लागू नयेत म्हणून झाकलीत."

दुपारी नानासाहेब परत आले. बूट घरी ठेवून. रावजींनी त्यांच्यापुढे पाण्याची कळशी केली, नानासाहेबांनी निमूट पाय धुतले, आणि दोघांनी मिळून टोपल्या उचलल्या. त्यानंतर सामने होईपर्यंत माजी मामलेदार आळीतून अनवाणी हिंडत होते, आणि आम्हाला ते येताहेत हे कळेनासं झालं, एवढाच तोटा झाला.

आठव्या दिवशी अंगण वाळलं. काय दिसत होतं म्हणून सांगू! हिरवट, गार, एकसंध. हात फिरवला तर मांजराच्या पाठीवरून फिरवल्यासारखा वाटे. मी फक्कीने रेघा मारल्या: मधली रेघ, दोन बाजूंची दोन घरं, एक खाडीकडचं, एक डोंगराकडचं. सामन्यांना दोन दिवस होते. घाटावरून पंच म्हणून जगताप पैलवान आले होते. त्यांच्यासमोर मैदानाची पूजा करायचं ठरलं.

नानासाहेबांनी मधल्या रेघेवर पाट मांडला, पाटावर तांदूळ, तांदळांवर सुपारीचा गणपती. भटजी मंत्र म्हणत होते. नानासाहेबांचा पंचा पाटाच्या कोपऱ्याला लागला, पाट हलला आणि सुपारी खाली पडली.

पडली ती थांबली नाही. आधी सावकाश, मग जरा वेगाने, मग चांगली गरगरत ती खाडीच्या दिशेने निघाली. भटजी मंत्र विसरले. कुणी पुढे होऊन धरेना, कारण गणपती चालला आहे तर अडवायचा कुणी? सगळ्यांच्या माना तिच्याबरोबर फिरत गेल्या. ती पार कडेपर्यंत गेली आणि बांधाला टेकून उभी राहिली.

भागीरथीकाकूंनी हात जोडले. "विसर्जनाला निघाला हो!"

जगताप पैलवान मात्र हसले नाहीत. त्यांनी पटक्यातून एक लिंबू काढून रेघेवर ठेवलं. तेही खाडीकडे गेलं.

"अवो पावनं, हे मैदान हाय का घसरगुंडी? खालच्या घरातल्यानं वर चढायचं आन् वरच्यानं नुसतं सुटायचं? आमची पोरं असल्यावर न्हाई खेळायची."

रावजी पुढे आले. बसले. तळहात भुईवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. अंगणाला ढाळ द्यावा लागतो, म्हणजे पाणी एका बाजूला वाहून जावं म्हणून बेताचा उतार. तो डोळ्याला दिसत नाही. तो देता येणं हीच तर त्यांची कला.

"चाळीस वर्सं हात एकच काम करतायत," ते हळूच म्हणाले. "मी मैदान करायला बसलो. हातांनी अंगण केलं."

"पुन्हा चोपून सपाट करा," कुणीतरी सुचवलं.

"दोन दिवसांत? वाळणार नाय. भेगा पडतील, भेगांत खपल्या उठतील. कातळ बरा म्हणायची पाळी येईल."

"मग कातळच!" नानासाहेबांनी हुकूम दिला. "सामने वरच्या कातळावर. मास्तर, उद्या दुपारपर्यंत झाडून घ्या."

मंडळी उठून गेली. रावजींनी बांधाला टेकलेली सुपारी उचलली, कमरेला खोचली, चोपणं खांद्यावर घेतलं आणि भाट्याच्या वाटेला लागले. काकू मागून गेल्या आणि त्यांनी चोपण्याचं दुसरं टोक धरलं. तसेच दोघे, दांड्याची दोन टोकं धरून, घराकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडूवाले घेऊन कातळाकडे निघालो तर शेतातून हाक आली, "मास्तरानु! जरा इकडं."

रावजी अंगणात पालथे पडले होते. गाल भुईला टेकलेला, एक डोळा मिटलेला, पुढ्यात सुपारी. त्यांनी ती खाडीच्या दिशेला तोंड करून सोडली. गेली. उठून आणली. मग डोंगर डाव्या हाताला, खाडी उजव्या हाताला घेऊन सरळ पुढ्यात ठेवली. सुपारी पुढे गेली नाही, उजवीकडे कलली. पुढे ढकलली तर चार बोटं गेली आणि उजवीकडे वळून खाडीला निघाली.

"रेघा कुणी मारल्या?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मंग चूक तुमची."

"माझी?"

"मधली रेघ आडवी मारलीत. एक घर वर, एक घर खाली. ती उभी मारा. डोंगराकडून खाडीकडं. म्हणजे अर्धा चढ याला, अर्धा त्याला. अर्धा उतार याला, अर्धा त्याला. दोन भावांच्या वाटण्या कशा करतात? बांध वरून खाली घालतात ना? आडवा घातला तर खालच्याच्या वाट्याला सगळं पाणी."

मी तोंड उघडं टाकून बघत होतो. "पण तेवढी जागा कुठे आहे? मैदान लांबट..."

रावजी बसल्या बसल्या हसले. त्या हसण्यात नानासाहेबांच्या पाहणीच्या दिवशीची सगळी बोलणी होती. "म्हणून तर अंगण चौकोनी असतं."

मी धावत जाऊन जगताप पैलवानांना झोपेतून उठवून आणलं. त्यांनी चार लिंबं सोडली, चारही बाजूंनी चालून पाहिलं, मग रावजींपुढे उभे राहून म्हणाले, "बुवा, आमच्याकडं असतात तर तुम्हाला पंच केलं असतं." रावजी म्हणाले, "आधी ढोपराला हात लावा." पैलवानांनी लावला. "आयला!" ते म्हणाले आणि लगेच दुसऱ्यांदा लावला.

जुन्या रेघा शेणाने सारवल्या गेल्या, नव्या उमटल्या. फक्त एक घोटाळा उरला. अध्यक्षांचं व्यासपीठ मधल्या रेघेच्या समोर हवं. ते आधी दक्षिणेला सावलीत बांधलं होतं. ते आता डोंगराकडच्या बाजूला, खाडीकडे तोंड करून बांधावं लागलं. त्याला चढायला जांभ्याच्या चिऱ्याची पायरी केली. आणि तोंड पश्चिमेला, म्हणजे रोज दुपारी चारनंतर सगळा सूर्य नानासाहेबांच्या डोळ्यांत.

सामने तीन दिवस झाले. मुंबईकर, घाटवाले, केळशीवाले, सगळ्यांनी अंगावर धूळ घेतली, एकमेकांना आपटलं, घासत नेलं, ढिगाने पडले. पहिल्या रांगेत भुईवर बसलेले रावजी खेळ बघतच नव्हते. त्यांची नजर गुडघ्याच्या उंचीवर फिरत होती. बाद होऊन कुणी बाहेर आला की ते त्याला हाताने थांबवत. "इकडं. वाक. दुसरं दाखव. जा." मुंबईच्या एका शिकलेल्या पोराने विचारलं, "हे कोण, डॉक्टर का?" मी म्हटलं, "जमिनीचे."

शेवटचा सामना उरकला तेव्हा केळशीच्या एकाचं बोट मुरगळलं होतं, घाटावरच्या एकाचा दात हलत होता. ढोपर एकाचंही फुटलं नव्हतं. रावजींनी पुन्हा एकदा सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगत गेले. शेवटच्या ढोपराशी ते थांबले, तिथेच बसले आणि पंच्याने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते.

आणि मग नानासाहेब कप द्यायला उठले. तीन दिवस सूर्याकडे बघून त्यांना सगळं हिरवं-पिवळं दिसत होतं. एका हातात कप, दुसऱ्या हातात भाषणाचा कागद. पायरी दिसली नाही. ते व्यासपीठावरून असे काही उतरले की पुढच्या दोन रांगा उभ्या राहिल्या.

आम्ही त्यांना उचललं. धोतरावर रक्त. उजवं ढोपर.

हजार डोळे रावजींकडे वळले. शब्द दिला होता तो चारचौघांत. रावजी शांतपणे आले, नानासाहेबांचं ढोपर पाहिलं, पायरी पाहिली, पायरीवरून अंगणापर्यंतचं अंतर वितीने मोजलं. दोन विती भरलं.

"ही पायरी माझी नाय," ते म्हणाले.

सगळ्यांत आधी नानासाहेब हसले, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं. मग ते जे हसू उसळलं ते मला वाटतं पलीकडे भाट्याच्या किनाऱ्यावर ऐकू गेलं असेल. रावजी ढोपर बांधता बांधता आशेने विचारत होते, "खडा आत गेला काय बगू?" तो गेला नव्हता. त्यांना जरा वाईट वाटलं असावं.

त्यानंतर चार वर्षांनी माझी बदली मुंबईला झाली. निघायच्या दिवशी, दुपारची बोट गाठायच्या आधी, मी रावजींचा निरोप घ्यायला गेलो. दिवस असेच थंडीचे, म्हणजे आमच्याकडे जी काय असते तिचे. बेड्याशी, म्हणजे कुंपणाच्या दारापाशी, आलो तर समोरून ओरड आली, "थांबा! ओलं हाय!"

त्यांच्या दारात अंगण होतं. नवं, चौकोनी, काळपट ओलं. रावजी एकटेच या कडेला फणसाखाली बसले होते, चिखलाने कोपरापर्यंत माखलेले. पलीकडे ओटीवर भागीरथीकाकू जेवणाचं ताट घेऊन उभ्या होत्या. मधे अंगण. कडांनी शेणाचा काला केलेली घमेली.

"पुढचं वर्ष आलं वाटतं!" मी म्हटलं.

"आलं बाबा," काकू पलीकडून म्हणाल्या. "पण सकाळपासून हे तिकडं नि ताट इकडं. टाकू काय मी पाय?"

"टाकून बग!" रावजी गरजले. "टोपली घालीन पालथी!" मग मला म्हणाले, "उद्या या मास्तरानु. उद्या पाय लावू देतो."

"उद्या मी मुंबईत असेन."

रावजींनी कमरेची चंची सोडून एक सुपारी काढली, नेम धरून अंगणावरून पलीकडे ओटीवर फेकली. "सोड गो. मास्तरांना बगू दे."

काकूंनी ताट खाली ठेवलं. सुपारी उचलून अंगणाच्या वरच्या कडेला अलगद ठेवली आणि बोट काढलं. ओल्या मातीत ती आधी रुतल्यासारखी वाटली. मग हलली. ती सावकाश, अगदी न घाबरता, सगळं अंगण ओलांडून आली आणि रावजींच्या पायांशी थांबली. मागे तिची बारीक, सरळ रेघ.

"ढाळ आला," काकू म्हणाल्या.

रावजींनी सुपारी उचलून पंच्याला पुसली, अडकित्त्याने फोडली. अर्धी तोंडात टाकली, अर्धी हात लांब करून काकूंना दाखवली. काकूंनी अंगणाकडे पाहिलं, मग ताट उचललं आणि घरात गेल्या.

मी बेड्यातून वळून वाटेला लागलो. बोटीची वेळ झाली होती. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा काकू परसातून, शेजाऱ्यांच्या माडांतून, सगळा वळसा घालून, ताट सांभाळत फणसाखाली पोचल्या होत्या. दोघे शेजारी बसले होते. ताट मधे तसंच होतं. कुणी जेवत नव्हतं. अंगण बघत होते.